वीस किलोच्या खाली

आमोण्याच्या धक्क्याअलीकडे जो वजनकाटा होता
त्यावर मी पंचवीस वर्षं बसलो.
भरला ट्रक, रिकामा ट्रक,
भरल्यातून रिकामा वजा, उरलं ते खनिज.
पावतीवर माझी सही, वि. बा. शेटकर.
सहीवर लाल धूळ. मागे मांडवीत बार्जचा भोंगा.

काट्याला वीस किलोच्या खालचं दिसत नसे.
वीस, चाळीस, साठ, अशा ढांगा टाकायचा तो.
मधलं काही त्याच्या लेखी नव्हतंच:
डब्यातलं हुमण, सीटखालची छत्री,
टपावर येऊन बसलेला कावळा.

एकदा रोहिदास मळीक आला रिकामा ट्रक घेऊन.
डिचोलीच्या इस्पितळातून थेट,
शेजारी बायको, दुपट्यात तीन दिवसांची पोर.
"हिचें वजन कर रे पयलीं," म्हणाला.
बायको उतरली पोरीला घेऊन. आकडा
नऊ हजार आठशे साठ.
पोर सीटवर ठेवली.
नऊ हजार आठशे साठ.
आम्ही सगळे हसलो. पोरही रडली नाही.

मग ट्रक निघाला,
आणि कुडण्याच्या ज्या वळणावर
रोहिदासने जन्मात ब्रेक लावला नव्हता
तिथे मागचे लाल दिवे लागले
आणि विझेचनात.

खाणी बंद झाल्या. खड्ड्यांत हिरवं पाणी साठलं.
ती पोर, मंजिता, आता ताळगावच्या पठारावर
विद्यापीठात काय ते शिकते.
परवा आली, सोप्यावर बसली, फणसाचे गरे खात सांगत होती:
न्यूट्रिनो म्हणून असतात, काका. सूर्यातून निघतात.
तुमच्या या नखातून दर सेकंदाला अब्जावधी जातात.
रात्रीसुद्धा. रात्री खालून येतात,
पृथ्वी ओलांडून, खाटेतून, तुमच्यातून, वर.

मी आपलं माझ्या धंद्यातलं विचारलं. वजन?
जवळजवळ नाहीच, म्हणाली.
अमुक इतक्याच्या खाली आहे, एवढंच कळलंय.
नेमकं किती, ते दाखवणारा काटा अजून झालेला नाही.
(बरं वाटलं मला. म्हणजे तिकडेही
कुणीतरी सही करायचा थांबलाय.)

मग पृथ्वीची ओढ त्यांना कशी लागते?
ओढ वजन विचारत नाही, काका.
धावतंय त्याची धावही तिच्या हिशेबात येते.
रस्ताच वाकलेला असतो,
वळणावर भरल्या ट्रकलाही वळावं लागतं, रिकाम्यालाही.

सत्याऐंशी साली म्हणे एक तारा फुटलेला दिसला.
दीड लाखांहून जास्त वर्षांची वाट.
त्याचा उजेड, ज्याला वजनच नाही,
आणि हे, ज्यांना असून नसल्यासारखं,
दोघांनाही आपल्या आकाशगंगेच्या ओढीने
काही महिने उशीर झाला. सारखाच.
न्यूट्रिनो थोडे तास आधी पोचले,
पण ते निघालेच होते आधी.
हे मला लगेच कळलं. खाणीवरून लवकर सुटलेला ट्रक
धक्क्यावर लवकर लागतो.

सत्याऐंशी. म्हणजे मी काट्यावर लागलो ते वर्ष.
गोवा राज्य व्हायला तीनेक महिने होते,
मी नव्या खुर्चीत बसून शिक्का सरळ मारायला शिकत होतो
आणि ते माझ्यातून गेले.
पावती नाही, काही नाही.

आणि ते? ते ओढतात का आपल्याला?
ओढतात की. नसल्यागत.
पण इतके आहेत, इतके आहेत,
की तारकांच्या मोठ्या वस्त्या जशा बसल्यात
त्या त्यांच्यावाचून जरा वेगळ्या बसल्या असत्या.

अंधार पडला तशी ती स्कूटरवर निघाली.
मी चालत काट्यापर्यंत गेलो.
पत्र्याला गंज, फटींत लाजाळू वाढलेलं,
आकड्यांच्या पेटीत कोळ्याचं घर.
उभा राहिलो पत्र्यावर. तो थोडा करकरला,
सवयीने.
खालून येत असतील ते आता,
खड्ड्यातल्या पाण्यातून, तळव्यांतून.
मी हिशेब मांडून बघितला:
भरलेला मी, त्यातून रिकामा मी वजा...
रिकामं कधी केलंच नव्हतं वजन, कुणी.

तेवढ्यात कुडण्याच्या वळणावर
एक लाल दिवा लागला.
रस्ता तर मोकळा होता.